दोनशे ओळी, आठशे ओळी

परवा भाचीचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. एरवी तिचा फोन म्हणजे आईबद्दलच्या तक्रारी, पण यावेळी थेट प्रश्न.

"मावशी, आम्हाला अजून ८०५१ ची असेंब्ली का शिकवतात गं? सी मध्ये लिहिलं की कंपायलर करतोच ना सगळं?"

"करतो की," मी म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण एकदा या प्रश्नाचं अर्धवट उत्तर खिशात घेऊन मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, दूध संकलन केंद्रात, सकाळी सहाला उभी राहिले होते आणि एका आजींच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. ती गोष्ट सांगायचीच आहे. पण ती कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि तो इतिहास मला स्वतःला फार आवडतो. तेव्हा भाचीबाई, हे तुझ्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर. (काका-काकूंनो, तुमच्यासाठी मधे मधे स्वयंपाकघर आणलं आहे. घाबरू नका.)

आधी शब्द. प्रोसेसरला कळतात ते फक्त आकडे. त्या आकड्यांना माणसाला वाचता येतील अशी छोटी नावं दिली की झाली असेंब्ली. एक ओळ म्हणजे साधारण एक कृती: हे उचल, ते मिळव, तिकडे ठेव. प्रत्येक प्रोसेसरची असेंब्ली वेगळी. सी ही त्याच्या वरची भाषा. तुम्ही 'बेरीज कर' म्हणता, आणि ती कोणत्या वाटीत घालून करायची ते कंपायलर ठरवतो. वाटी म्हणजे रजिस्टर. प्रोसेसरच्या ओट्यावर अशा मोजक्याच वाट्या असतात आणि जवळजवळ सगळं काम त्यांतच चालतं. बाकीचं सामान फळीवर, म्हणजे मेमरीत. सी मध्ये लिहिणारीला वाट्या दिसतच नाहीत. ती कृती सांगते, ओटा कंपायलरकडे.

आणि इनलाइन असेंब्ली म्हणजे काय? कंपायलर निवांत रांधत असताना मधेच येऊन "सर, एवढी फोडणी मी देते" म्हणणं. सी च्या मजकुरात मधेच दोन-चार ओळी थेट असेंब्लीच्या.

आता इतिहास.

१९६९ मध्ये केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये पीडीपी-७ नावाच्या मशीनवर युनिक्स लिहायला घेतलं ते संपूर्ण असेंब्लीत. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिम असेंब्लीतच लिहायची हे बहुतेकांनी धरूनच चाललं होतं. अपवाद होते, मल्टिक्स पीएल/वन मध्ये लिहिलं गेलं होतं, पण ते मोठ्या मशीनवरचं मोठं प्रकरण. पुढे पीडीपी-११ आलं, डेनिस रिची यांनी बी नावाच्या भाषेतून वाढवत वाढवत सी तयार केली, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी मध्ये पुन्हा लिहिला गेला. इतकं आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं, आणि तिथेच थांबतो. 'युनिक्स सी मध्ये लिहिलं' एवढ्यावर परीक्षेत दोन मार्क मिळतात.

पण सगळं लिहिलं गेलं का? १९७८ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलचा युनिक्सवरचा अंक निघाला. त्यात थॉम्पसन यांनी युनिक्सची आतली रचना सांगताना हिशोबच मांडला आहे. गाभ्यात साधारण १०,००० ओळी सी च्या आणि साधारण १,००० ओळी असेंब्लीच्या. त्या १,००० मधल्या २०० फक्त वेगासाठी. त्या सी मध्येही लिहिता आल्या असत्या. उरलेल्या ८०० अशा कामांच्या, जी सी मध्ये करताच येत नाहीत.

हा हिशोब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्या पानावरच होते. इतका प्रामाणिक जमाखर्च आमच्या धंद्यात कमी दिसतो. आणि पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा इतिहास या दोन आकड्यांत बसतो. २०० ओळींचं पुढे काय झालं ही एक गोष्ट, आणि ८०० ओळींचं काय झालं ही दुसरी.

करताच येत नाही म्हणजे काय? सी ला काही गोष्टी ठाऊकच नाहीत. समजा प्रोसेसर एक काम करतोय आणि बाहेरून बेल वाजली (याला इंटरप्ट म्हणतात). थोडा वेळ ही बेल बंद ठेवायची असेल तर त्यासाठी सी मध्ये शब्दच नाही. एक प्रोग्रॅम अर्धवट थांबवून दुसरा सुरू करायचा तर पहिल्याच्या सगळ्या वाट्या झाकून बाजूला ठेवायच्या आणि दुसऱ्याच्या आणून मांडायच्या. पण ज्या भाषेला वाट्या दिसतच नाहीत, ती हे कसं सांगणार?

त्या वेळी या असेंब्लीच्या ओळी वेगळ्या फाइलीत असत आणि सी मधून फंक्शन म्हणून त्यांना हाक मारायची. यात एक अडचण होती. बेल बंद करायला लागते एक सूचना, आणि तिच्यासाठी हाक मारायची, तिकडे जायचं, परत यायचं. चमचाभर साखर आणायला शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन जिने चढावेत तसं. बर्कलीच्या व्हॅक्सवरच्या युनिक्समध्ये यावर मोठा गमतीदार उपाय होता. कंपायलरने असेंब्ली ओकली की ती सेड नावाच्या शोधा-आणि-बदला अवजारातून गाळायची. जिथे अशा फंक्शनला हाक मारलेली दिसेल तिथे ती खोडून खरी सूचनाच चिकटवायची. कंपायलरची पाठ वळली की त्याच्या वहीत खाडाखोड! पण चालत होतं.

त्यापेक्षा सभ्य मार्ग म्हणजे कंपायलरलाच सांगणं, की ही ओळ तू वाचू नकोस, जशीच्या तशी पुढे दे. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या सी च्या पुस्तकात राखीव शब्दांची यादी आहे. तिथे जाता जाता म्हटलं आहे की काही कंपायलर 'फोरट्रान' आणि 'एएसएम' हे शब्दही राखून ठेवतात. बस, एवढंच. राजघराण्याच्या वंशावळीत तळटीपेत सापडणाऱ्या मुलासारखी या शब्दाची नोंद. १९८९ मध्ये सी चं प्रमाणीकरण झालं तेव्हाही तो आत घेतला नाही, 'बऱ्याच ठिकाणी आढळणारी पुरवणी' म्हणून दाराशी बसवला. आजही प्रमाण सी मध्ये एएसएम हा राखीव शब्द नाही. सी++ ने मात्र तो घरात घेतला. आणि तरीही जगात असं क्वचितच एखादं मशीन असेल की ज्याच्या पोटात कुठेतरी तो नाही.

त्या काळात एएसएम म्हणजे सीलबंद पाकीट होतं. कंपायलर स्वतःच असेंब्लीचा मजकूर लिहायचा, त्यात तुमचं पाकीट न उघडता टाकायचा आणि पुढे असेंब्लरकडे सरकवायचा. आत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हे चालून जायचं कारण कंपायलरही तेव्हा साधे होते. प्रत्येक ओळीनंतर वाट्या बऱ्याचशा रिकाम्या करून ठेवायचे. मधेच कोणी एखादी वापरली तर बिघडायचं फारसं काही नाही.

माझ्या पिढीने हे सगळं पाहिलं ते टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर. बोरलँडचं टर्बो सी १९८७ चं, पण आपल्याकडच्या कॉलेजांत ते पुढे वीस-पंचवीस वर्षं नांदलं. त्यात रजिस्टरांची नावं चक्क व्हेरिएबलसारखी वापरता यायची. एएक्स मध्ये अमुक घाला, इंटरप्ट मारा, आणि कर्सर नाहीसा! हॉस्टेलवर ज्याला हे यायचं तो मोठा माणूस. मलाही यायचं. "कंपायलरपेक्षा मला जास्त कळतं" हा समज तेव्हाच रुजला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तो फारसा चूकही नव्हता.

मग कंपायलर हुशार झाले.

कोणती किंमत कोणत्या वाटीत ठेवायची हे कोडं नकाशा रंगवण्याच्या कोड्यासारखं सोडवता येतं हे आयबीएममध्ये ग्रेगरी चेटिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला करून दाखवलं. एकाच वेळी लागणाऱ्या दोन किमती म्हणजे एकमेकींना लागून असलेली दोन राज्यं, त्यांना एक रंग द्यायचा नाही. सी मध्ये 'रजिस्टर' असा एक शब्द होता. "हे व्हेरिएबल वाटीतच ठेव बरं का" अशी लाडिक सूचना. हळूहळू कंपायलर तिकडे दुर्लक्ष करू लागले कारण ते स्वतःच बरं निवडत. सी++ ने तर २०१७ मध्ये त्या शब्दाचा तो अर्थच काढून टाकला. थॉम्पसन यांच्या त्या २०० ओळींचं हे असं झालं. वेगासाठी हाताने असेंब्ली लिहायची गरज बहुतेक ठिकाणी संपली. व्हिडिओ उलगडणं वगैरे काही कोपऱ्यांत ती अजून आहे, पण तो अपवाद.

छोट्या चिप्सच्या जगात, म्हणजे माझ्या माहेरी, हे थोडं उशिरा झालं. इंटेलची ८०५१ आली १९८० मध्ये. आत १२८ बाईट रॅम. किलोबाईट नव्हे, बाईट! हा परिच्छेद त्यात मावणार नाही. तिथे सी म्हणजे चैन वाटायची. पण १९८८ च्या सुमाराला केलचा ८०५१ साठीचा सी कंपायलर आला आणि चित्र पालटू लागलं. त्यातही असेंब्ली घुसवायची सोय होती, आणि एका 'काहीच करू नको' या सूचनेसाठी तर तयार फंक्शनच.

आणि मग एव्हीआर. ही गोष्ट मला नॉर्वेच्या परीकथेसारखी वाटते. ट्रॉनहाइममधले दोन विद्यार्थी, आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान, यांनी एक प्रोसेसर रचला. अॅटमेलने तो उचलला. सूचनासंच पक्का होण्याआधीच आयएआर या स्वीडिश कंपनीच्या कंपायलर लिहिणाऱ्यांना त्यांनी आराखडा दाखवला, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यात बदल केले. आधी चिप, मग तिच्या नशिबाला कंपायलर, अशी रीत होती. इथे ओटा बांधायच्या आधी स्वयंपाक करणारीला विचारलं गेलं. ओट्यावर वाट्या दिल्या ३२. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही चिप बाजारात आली आणि आमच्यासारख्या हजारोंनी तिच्यावर सी लिहायला सुरुवात केली. २००५ मध्ये इटलीत सुरू झालेलं आर्डुइनो उभं राहिलं तेही तिच्यावरच.

माझी गोष्ट याच चिपवरची आहे.

पण त्याआधी एक शेवटचा तुकडा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी हा मुक्त कंपायलर दिला. त्यातल्या एएसएमची तऱ्हा वेगळी होती. सीलबंद पाकीट देऊन चालत नाही, सोबत फॉर्म भरावा लागतो. त्याचे तीन रकाने. मी काय देणार आहे, मला काय लागणार आहे, आणि कामाच्या ओघात मी काय काय खराब करणार आहे. तिसऱ्या रकान्यात वापरून उष्ट्या केलेल्या वाट्यांची नावं लिहायची, आणि फळीवरच्या सामानाला हात लावणार असाल तर 'मेमरी' असा शब्द. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सोडलेल्या पहिल्या लिनक्समध्ये या फॉर्मांची रेलचेल आहे.

नवख्या माणसाला हा फॉर्म म्हणजे सरकारी कटकट वाटते. रकाने विरामचिन्हांनी पाडलेले, अक्षरांचे अर्थ पाठ करावे लागतात. पण कारण सरळ आहे. कंपायलर आता एका वेळी एक ओळ बघत नाही. तो सगळा स्वयंपाक डोळ्यांपुढे ठेवून आखणी करतो. चार पानांपूर्वी भरलेली वाटी तो चार पानांनंतर वापरणार असतो. मधे तुम्ही फोडणी दिलीत आणि वाटी वापरल्याचं सांगितलं नाहीत, तर तो विश्वासाने तीच वाटी उचलणार. त्या पाकिटात काय आहे ते तो आजही तपासत नाही. तुम्ही फॉर्मवर जे लिहाल ते खरं, ही त्याची भूमिका. म्हणजे ते प्रतिज्ञापत्रच झालं.

तर ते संकलन केंद्र.

२००९ च्या सुमाराला मी एका छोट्या कंपनीत होते. दुधाची फॅट मोजणारं यंत्र आम्ही बनवायचो. गावात म्हशीचं दूध घेताना फॅट किती लागली त्यावर दर ठरतो. सहा पॉइंट पाच आणि सहा पॉइंट तीन यात लिटरमागे फरक पडतो, आणि तो दहा दिवसांच्या बिलात दिसतो. यंत्रातल्या सेन्सरचा आकडा एका कन्व्हर्टरकडून २४ बिटांत यायचा, एकेक बिट ओढून घ्यावा लागे. तो भाग मी इनलाइन असेंब्लीत लिहिला होता. वीसेक ओळी. बिट मोजायला एकोणिसाव्या नंबरची वाटी घेतली होती. २४ पासून शून्यापर्यंत उलटं मोजत जायचं. तिसऱ्या रकान्यात ती वाटी लिहायची राहिली.

राहिली म्हणजे विसरले असं नाही. चाललं ना, मग कशाला, असं झालं. हॉस्टेलवरचा तो मोठा माणूस अजून आत होता.

आणि ते चाललंही, दोन वर्षं. कारण त्या ओळी एका वेगळ्या फंक्शनमध्ये होत्या, आणि एव्हीआरवर फंक्शनला हाक मारताना अठरा, एकोणीस वगैरे वाट्या परत येईपर्यंत जशाच्या तशा राहतील असं कंपायलर मुळात धरतच नाही. माझं खोटं त्या नियमाच्या आडोशाला झाकलेलं होतं. मग आम्ही कंपायलरची नवी आवृत्ती घेतली. तिने पाहिलं, या फंक्शनला एकाच ठिकाणाहून हाक मारली जाते, मग वेगळं ठेवायचं कशाला? ते तिने आत ओढून घेतलं. आणि १६ वाचनांची बेरीज ज्या चार वाट्यांत चालली होती, त्यातली दुसरी होती एकोणीस नंबरची. दर वाचनाला माझं मोजणं शून्यावर यायचं आणि बेरजेचा तेवढा तुकडा पुसला जायचा.

म्हणजे चूक अशी, की आकडा कधीच वाढायचा नाही. कधी काही फरक नाही, कधी एक पॉइंट कमी, कधी दोन. नेहमी कमीच. आम्ही ऑफिसात दोन नमुन्यांवर तपासलं होतं. एक पॉइंट इकडे-तिकडे चालतो म्हणून पुढे पाठवलं.

तक्रारी आल्या तेव्हा मला पाठवलं. सकाळची वेळ, किटल्यांची रांग. सचिव समजावत होते, "ताई, मशीन बरोबरच हाय, लोकं पाणी घालत्यात." एक आजी रांगेतून पुढे आल्या. किटली खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाल्या, "ताई, म्हस तीच, वैरण तीच, धार काढणारी मी बी तीच. मग फॅट का वो खाली आली? ह्यो सगळ्यांम्होरं म्हणतोय पाणी पडलं असंल. मी पाणी घालीन का?"

मी म्हटलं, बघते. दुपारी तालुक्याच्या डेअरीत त्याच दुधाची गर्बर पद्धतीने तपासणी करवली. आम्ल, अल्कोहोल, काचेची ब्युटिरोमीटर नळी, फिरवून वर आलेली फॅट डोळ्यांनी वाचायची. पद्धत १९ व्या शतकाच्या शेवटची, स्वित्झर्लंडची. बारा नमुने केले. बाराही वेळा आमचं यंत्र नळीच्या बरोबरीने तरी होतं किंवा खाली. वर एकदाही नाही. चूक जर दोन्ही बाजूंना पडत असती तर मी अजून आठवडाभर सेन्सर, तापमान, वायरी बघत बसले असते. एकाच बाजूला पडणारी चूक बघून पोटात गोळा आला.

रात्री लॉजवर लॅपटॉपवर कंपायलरने काढलेली असेंब्ली ओळीने वाचली. पहाटे दोनच्या सुमाराला एकोणीस नंबरची वाटी दिसली. दुरुस्ती करायला चारच अक्षरं लागली.

गंमत म्हणजे (गंमत नाही खरं तर) ती वाचता आली कारण कधीतरी कॉलेजात कुणीतरी ८०५१ ची असेंब्ली माझ्या गळी उतरवली होती. भाचीबाई, हे तुझ्यासाठी. लिहिण्यासाठी नाही शिकायची गं आता, वाचण्यासाठी शिकायची.

मी पहिल्यांदा कंपायलरला दोष दिला होता. तसा रिवाजच आहे. मोकळं फिरणारं लूप टाकून वेळ काढणं हा आमचा जुना धंदा. जीसीसीवाले पूर्वी अशी रिकामी लूप मुद्दाम ठेवून द्यायचे, लिहिणाऱ्याला बहुधा वेळच काढायचा असेल असं समजून. पुढे ती काढून टाकू लागले तेव्हा कितीतरी जणांचे दिवे लुकलुकायचे थांबले आणि लोक चिडले. पण कंपायलर कुठे चुकला? आपण मनातलं सांगितलं नव्हतं.

आता ८०० ओळींचं सांगते, म्हणजे हिशोब पुरा होईल. त्याही आटल्या. २००४ मध्ये आर्मने कॉर्टेक्स-एम३ जाहीर केला. त्यात बेल वाजली की काही मोजक्या वाट्या हार्डवेअर स्वतःच बाजूला काढून ठेवतं, त्यामुळे बेलला उत्तर देणारं फंक्शन साध्या सी मध्ये लिहिता येतं. २००८ मध्ये सीएमसिस आलं. बेल बंद कर, झोप, जागा हो, सगळ्याला तयार नावं मिळाली. पण ती नावं उघडून बघा. जीसीसीसाठी आत इनलाइन असेंब्लीची एक ओळ असते, फॉर्म व्यवस्थित भरलेली. आणि २००३ पासूनचं फ्रीआरटीओएस घ्या. एक काम थांबवून दुसरं सुरू करण्याच्या जागी आजही असेंब्लीच आहे. १९७३ मध्ये जी जागा होती तीच. झाकलेल्या वाट्या बाजूला, दुसऱ्या समोर.

आणि सगळ्यात नवल वाटतं ते रिकाम्या एएसएमचं. लिनक्समध्ये 'बॅरियर' म्हणून एक ओळ आहे. आत असेंब्लीची सूचना एकही नाही. अवतरणचिन्हांमध्ये काहीच नाही. फक्त तिसऱ्या रकान्यात 'मेमरी'. प्रोसेसर त्या जागी काहीही करत नाही. ती ओळ फक्त कंपायलरसाठी आहे: फळीवरचं सामान बदललं असेल असं धर, वाटीत जपून ठेवलेल्या जुन्या किमतीवर विसंबू नको. गुप्तलेखनाच्या लायब्रऱ्यांमध्येही असं रिकामं पाकीट वापरतात, कंपायलरने फार हुशारी करून गुपित उघडं पाडू नये म्हणून.

जे दार "मला जास्त कळतं" म्हणून उघडलं, त्यातून आता नुसतं "तुला दिसत नाही असं काहीतरी मला माहीत आहे, ते सांगते" एवढंच येतं. सूचना गळून गेल्या आणि फॉर्म राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रस्ट या भाषेने आपली इनलाइन असेंब्ली पक्की केली. तिथे एक रीत उलटी आहे. मेमरीबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत तर तुम्ही हात लावलाच असं ती धरते. नसेल लावला तर तसं लिहून द्या. वाट्यांची नावं मात्र तिथेही आपणच सांगायची. २००९ मध्ये ती भाषा असती तरी मी एकोणीस नंबर लिहिला नसता, हेही खरंच.

आजींचं काय झालं? आम्ही नवा प्रोग्रॅम भरला. गर्बरच्या नोंदी दाखवून मागच्या दोन बिलांचा फरक केंद्राने दिला, तो कंपनीने भरला. त्याआधीची तीनेक बिलं होती. त्यांचं कोणाला काही सिद्ध करता येत नव्हतं, आणि मीही फार लावून धरलं नाही. नोकरी नवीन नव्हती, पण धीर नव्हता. आज लावून धरलं असतं असं म्हणणं सोपं आहे.

मी सचिवांसमोर आजींना सांगितलं, की पाणी नव्हतं, चूक यंत्रात होती, आणि यंत्रातली चूक माझी होती. सचिव दुसरीकडे बघायला लागले. आजी म्हणाल्या, "मग आता सगळ्यांम्होरं सांगा." दुसऱ्या दिवशी सकाळी, किटल्यांच्या रांगेसमोर, सांगितलं.

त्यानंतर तिसरा रकाना मी कधी रिकामा सोडलेला नाही. असो. भाचीबाई, परीक्षा कधी आहे ते कळव. आणि आईला फोन कर.